उपासना, प्रचार आणि उघडे दार

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात हिंजवडी म्हणून जे गाव आहे, त्याचे नाव चाळीस वर्षांपूर्वी शहरातल्या किती जणांस ठाऊक असेल याची शंकाच आहे. म्हातोबाची चैत्री यात्रा आणि तिचे बगाड यांमुळे आसपासची माणसे ते ओळखीत. बाकीच्यांस ते शेतीवाडीचे एक खेडे. आज तेथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे आहे, आणि केरळापासून नागालँडापर्यंतची तरुण मंडळी पोटासाठी तेथे येऊन राहिली आहेत. माणूस परगावी जातो तेव्हा अंथरुणापांघरुणाबरोबर आपला देवही घेऊन जातो. अशा वस्तीत रविवारी सकाळी एखाद्या सदनिकेत किंवा भाड्याच्या सभागृहात चार ख्रिस्ती कुटुंबे जमून गाऊ लागली, की शेजाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो: हे चालले आहे ते भजन, की बाटविण्याचा उद्योग? आणि या प्रश्नास आमच्याकडील समंजस म्हणविणारी माणसे एक ठरीव उत्तर देतात. ती म्हणतात, उपासना खुशाल करा, प्रचार मात्र करू नका.

उत्तर ऐकावयास गोड आहे, आणि त्यामागे सद्भाव आहे हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु ते देणाऱ्याने ख्रिस्ती माणसास कधी विचारले आहे काय, की बाबा रे, तुझ्या धर्मात या दोन गोष्टी अशा सुटसुटीत वेगळ्या करता येतात काय? आणि त्याहून जवळचा प्रश्न म्हणजे, आमच्या धर्मात तरी त्या येतात काय?

प्रथम त्यांच्या घरचे पाहू. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसास विचारा, रविवारी कोठे जातोस? तो म्हणेल, मिस्सेला. हा मिस्सा शब्द लॅटिनातून आला. पूजेच्या अखेरीस धर्मगुरू जमलेल्या लोकांस निरोप देई, त्या निरोपाच्या वाक्यातला हा शब्द. त्याचे मूळ ‘पाठविणे’ या अर्थाच्या धातूत आहे. मिशन हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे ज्यास आम्ही पूजा म्हणतो, तिचेच नाव त्यांच्याकडे ‘पाठवणी’ यावरून पडले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी शिष्य डोंगरावर येशूस नमन करितात, आणि त्याच प्रसंगी त्यांस राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा होते. नमन आणि आज्ञा यांमध्ये श्वास घेण्यापुरतेही अंतर नाही. ज्या ग्रंथाचे नावच सुवार्ता, त्याने वार्ता सांगू नये असे म्हणणे म्हणजे टपालवाल्यास पत्रे वाटू नकोस असे सांगण्यासारखे आहे.

परंतु याची दुसरीही बाजू त्यांच्याच इतिहासात आहे, आणि आमच्याकडील टीकाकारांस ती सहसा ठाऊक नसते. ख्रिस्ती मंडळीच्या आरंभीच्या शतकांत मुख्य पूजा सर्वांस खुली नव्हती. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही अशा उमेदवारांस वचने आणि प्रवचन ऐकू देत, आणि मग प्रभुभोजनाच्या आधी बाहेर पाठवीत. पूर्वेकडील प्राचीन मंडळींच्या विधीत आजही ‘दारे सांभाळा’ अशा अर्थाची घोषणा शिल्लक आहे. म्हणजे प्रचार हा अंगणातला आणि उपासना ही गाभाऱ्यातली, अशी वाटणी त्यांनी एके काळी केली होती. पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात वेगळाच सूर आहे. तुमची उपासना अशी असू द्या, की बाहेरचा मनुष्य आत आला तर त्यास ती कळेल आणि देव तुमच्यामध्ये आहे असे तो आपण होऊन म्हणेल, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ. येथे पौल प्रचार थांबवीतही नाही आणि त्यास वेगळे खातेही उघडून देत नाही. चांगली उपासना हाच उत्तम प्रचार, असे त्याचे म्हणणे. ख्रिस्ती लोकांत हा वाद अद्याप चालू आहे. देवाची सेवा देवासाठीच करावी, तिला लोक जमविण्याचे साधन करू नये, असे म्हणणारे एकीकडे. आणि जी उपासना दाराबाहेर पडत नाही ती खोटी, असे म्हणणारे दुसरीकडे.

हा वाद परक्यांचा म्हणून बाजूस सारावा, तर महाराष्ट्राच्या भूमीवर तो चारशे वर्षे लढला गेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आला आणि 1616 साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापून निघाले. दहा हजारांवर ओव्यांचा हा मराठी ग्रंथ जुने ग्रंथ हातून गेलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांस वाचावयास आणि गावयास काही हवे, या गरजेतून निर्माण झाला. तो मुख्यतः उपासनेचा ग्रंथ आहे, आणि त्याची मराठी अशी रसाळ आहे की ती ज्ञानेश्वर-एकनाथांच्या घरी काही काळ राहून आल्यासारखी वाटते. पण ते जुने ग्रंथ हातून गेले कसे? 1560 साली गोव्यात धर्मन्यायासन बसले, 1567 साली साष्टीतली देवळे पाडली गेली. ओवी लिहिणारा हात आणि देऊळ पाडणारा हात एकाच राज्याच्या छत्राखाली काम करीत होते. स्टीफन्सच्या ओवीस आम्ही मनापासून मान देतो. तथापि जेथे राजदंड प्रचारकाच्या मागे उभा राहतो, तेथे ओवीसुद्धा निर्मळ राहत नाही. ते धर्मन्यायासन 1812 साली कायमचे मिटले, आणि त्याची आठवण मात्र अद्याप मिटलेली नाही. हिंजवडीच्या शेजाऱ्याच्या मनातली शंका थोडीबहुत तेथूनच आलेली आहे, ती केवळ द्वेषातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

इंग्रजी अमलात राजदंड मागे सरला, पण प्रचाराची रीत रुक्षच राहिली. 1813 साली कंपनीच्या नव्या सनदेने पाद्र्यांस वाट मोकळी झाली. त्याच वर्षी अमेरिकन मिशनचे पहिले पाद्री मुंबईस उतरले, आणि 1831 साली त्यांनी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ठाणे दिले. बाजारात उभे राहून व्याख्यान द्यावे, पुस्तके वाटावी, दुसऱ्याच्या देवाचे दोष काढावे, आणि आपली उपासना मात्र बाकांवर बसून, इंग्रजी चालीत, भाषांतरित गीतांनी करावी, असा तो प्रकार. प्रचार रस्त्यावर, उपासना बंद घरात. दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही. त्यास उत्तरही तसेच मिळाले. 1857 साली विष्णुबोवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिले आणि पाद्र्यांशी त्यांनी आठवडेच्या आठवडे वाद केला. वाद झकास झाला, श्रोत्यांची करमणूक झाली. भक्ती दोन्ही पक्षांच्या पदरात किती पडली हे सांगणे कठीण आहे.

हा सांधा जुळविला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या कवीने 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या घरावर जो प्रसंग गुदरला तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे मराठी वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, मधे वर्षांची ताटातूट. आणि अखेर 1900 साली बाईंनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे धर्मांतर योग्य की अयोग्य, हा प्रश्न आम्ही येथे घेत नाही. तो त्यांच्या आणि त्यांच्या देवाच्या मधला. पण धर्मांतरानंतर त्यांनी केले काय? आपण तुकोबाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ते उघड सांगत. त्यांनी शेकडो अभंग, पदे आणि भजने लिहिली. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासनासंगीता’त ती आजही गायिली जातात. टाळ-मृदंग चर्चात आला. नगरकडील ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनही हाती घेतले होते, आणि कृष्णराव सांगळे यांचे नाव त्या कामी प्रसिद्ध आहे. टिळकांच्या हाती या साऱ्यास काव्याचा प्राण मिळाला. बाजारातल्या व्याख्यानास तोंड वळविणारा शेतकरी भजनाच्या चालीस मात्र थांबू लागला.

याहूनही मोठी गोष्ट त्यांनी 1917 साली केली. मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती धरली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसावे, असा त्यांचा संकल्प होता. आमच्या व्यापारी वाचकांनी या गोष्टीचा हिशेबी दृष्टीने विचार करावा. मिशनरीच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्म्याचा आकडा हा नफ्याच्या रकान्यात असे. त्यावर परदेशातल्या वर्गणीदाराचे समाधान अवलंबून. टिळकांनी तो रकानाच पुसून टाकला. आकडा गेला, आणि उरली ती केवळ उपासना; जिला येणे असेल तो येईल. 1919 साली ते वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही, हे खरे. परंतु प्रचार कोणत्या ठिकाणी उपासनेपासून फुटून निघतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते. तो फुटतो पगाराच्या आणि आकड्याच्या ठिकाणी. त्यांच्यामागे जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने टिळकांचे चरित्र लिहिले, 1922 साली ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि पुढे पुण्यास शिवाजीनगरात आश्रम बांधून जमिनीवर बसून, हिंदी वळणाने उपासना चालविली. व्हेरियर एल्विन प्रथम हिंदुस्थानात आला तो याच संघात, आणि तेथून गांधीजींकडे ओढला गेला. राजकर्त्यांच्या जातीचा पाद्री उपासनेत जमिनीवर बसावयास शिकला, की राज्याविषयीची त्याची मतेही खाली बसू लागतात, हा त्यातला गमतीचा भाग.

रोमन पंथास हीच गोष्ट करावयास आणखी चाळीस वर्षे लागली. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत पूजा करण्यास मोकळीक दिली, आणि मिस्सा मराठीत आला. ज्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले ते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे त्या प्रवाहाचेच फळ होय. त्यांच्या निवडीवर आक्षेप घेणारेही निघाले. ख्रिस्ती धर्मगुरू मराठीत लिहितो तेव्हा तो साहित्य करितो की प्रचार, हीच शंका तेथेही होती!

आता आम्ही ज्या प्रकरणाकडे येत आहो, ते पुण्याच्या जिव्हाळ्याचे आहे आणि त्याचा निकाल, आमच्या मते, अद्याप नीट लागलेला नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. 1889 च्या मार्चात त्यांनी मुंबईस शारदासदन काढले आणि दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आणिले. (पुण्याच्या थोरामोठ्यांनी पंचहौद मिशनात चहा घेतला आणि त्यावरून ग्रामण्य माजले, तेही 1890 सालचेच. एक पेला चहाने धर्म बुडतो अशी ज्या शहराची समजूत, त्या शहरात हे सदन आले, हे ध्यानी ठेवावे.) सदनाचा पैसा अमेरिकेतून येई, परंतु करार असा की येथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींनी आपापले सोवळे-ओवळे पाळावे, त्यांच्या श्रद्धेस हात लावावयाचा नाही. रानडे-भांडारकरांसारखी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली ती या करारावर.

पंडिताबाई करार शब्दशः पाळीत होत्या. मात्र त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, आणि आपल्या मुलीस घेऊन त्या रोज प्रार्थना करीत. त्या खोलीचे दार त्या लावीत नसत. ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. कोणास बोलाविले नाही, कोणास हाकलिले नाही. एवढेच ते उघडे दार. आणि त्यावरून 1893 साली पुण्यात जे वादळ उठले, त्यात ‘केसरी’ने आघाडीवर राहून हल्ला चढविला, सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

वकिलाच्या दृष्टीने पाहता वादाचा मुद्दा एकच: उघड्या दाराने उपासना करणे म्हणजे प्रचार होय काय? पंडिताबाईंचा पक्ष असा की आईने आपल्या घरात देवाचे नाव घ्यावयाचे, ते काय चोरासारखे कडी लावून घ्यावे? विरुद्ध पक्ष म्हणे, की जी बाई अन्न देते, वस्त्र देते, जगात दुसरे कोणी नसलेल्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरविते, तिचे उघडे दार हे नुसते दार नव्हे. ते बोलावणे आहे. 1872 च्या कराराच्या कायद्यातले सोळावे कलम आमच्या वकीलबंधूंस पाठ आहे. एकाची इच्छा दुसऱ्याच्या कह्यात राहील असे नाते असेल, आणि त्या स्थितीचा लाभ घेतला जाईल, तेथे संमती दिसली तरी कायदा तिच्याकडे संशयाने पाहतो. विश्वस्त आणि आश्रित यांचे नाते असेच आहे. तेव्हा 1893 सालच्या टीकाकारांचा आक्षेप निव्वळ सनातनीपणाचा होता असे म्हणून आम्ही तो उडवून लावीत नाही. त्यात कायद्याचा एक खरा अंश आहे.

पण तोच कायदा उलट फिरवून पाहा. त्या बालविधवांची इच्छा आधी कोणाच्या कह्यात होती? आठव्या-नवव्या वर्षी लग्न लाविले ते कोणाच्या संमतीने? केस काढविले ते कोणाच्या संमतीने? एक वेळचे अन्न, आलवण, आणि शुभकार्यात तोंड दाखवावयाचे नाही, हा उपदेश जन्मभर चालला तो प्रचार नव्हे काय? दडपणाचा कायदा लावावयाचा तर तो प्रथम माहेर आणि सासर यांस लावावा लागेल, आणि मग शारदासदनाच्या उघड्या दाराशी पोहोचेपर्यंत न्यायाधीशाचा दिवस मावळेल. शिवाय परिणाम पाहावा. सदनात दाखल झालेल्या पहिल्या काही मुलींपैकी गोदूबाई ही विधवा मुलगी तेथे वर्षानुवर्षे राहिली, शिकली, आणि 1893 च्या मार्चात तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे बाया कर्वे म्हणून महाराष्ट्राने तिला ओळखिले. त्या उघड्या दाराजवळून ती रोज गेली असेल, हिंदू राहिली. दाराने सर्वांस ओढून नेले असे म्हणवत नाही. काही मुलींनी मात्र पुढे बाप्तिस्मा घेतला, हेही तितकेच खरे.

आमचा निकाल विचाराल तर तो असा. उपासना बंद दाराआड करावी असे पंडिताबाईंस सांगण्याचा अधिकार कोणासही नव्हता, सल्लागारांसही नव्हता. परंतु ज्या मुली अज्ञान होत्या, त्यांच्यापुरता त्या दाराचा प्रश्न पालकांपुढे ठेवावयास हवा होता. आणि पालकांचे म्हणणे जाचक वाटले तरी कराराची मुदत संपेपर्यंत ते मानणे भाग होते. अमेरिकन मंडळाची दहा वर्षांची मुदत 1898 साली संपली. त्यानंतर केडगावच्या मुक्तिसदनाने आपले ख्रिस्ती रूप उघडपणे धारण केले, आणि मग निदान कोणी फसवणुकीचा शब्द काढावयास जागा राहिली नाही. केडगावात 1905 साली प्रार्थनेचा जो उमाळा आला, त्यातून मुलींची पथके आसपासच्या खेड्यांत उपदेशास निघाली. आत प्रार्थना दाटली आणि बाहेर वाणी फुटली. हा उपासनेपासून प्रचाराकडे वाहणारा ओघ होय, आणि तो पगारी व्याख्यानापेक्षा निराळा आहे, हे विरोधकासही मान्य करावे लागेल.

पुण्याने शारदासदनास उत्तर दोन प्रकारांनी दिले. एक वर्तमानपत्रांतून, ते उत्तर आज ग्रंथालयात धूळ खात आहे. दुसरे उत्तर कर्व्यांनी दिले. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि विधवेस हिंदू राहूनही शिकता येईल अशी जागा करून दिली. प्रचारास भिणाऱ्या समाजाने कोणत्या मार्गाने जावे, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला आम्हांस माहीत नाही.

येथे आमच्या घरचा प्रश्न येतो. उपासना आणि प्रचार वेगळे ठेवा, असे ख्रिस्ती माणसास सांगणारे आम्ही, आमच्या नारदाच्या गादीस काय म्हणतो? कीर्तनकार पूर्वरंग सांगतो तो उपदेश, आणि उत्तररंगी नामाचा गजर होतो ती उपासना. मधे रेघ कोठे ओढणार? वारी हा चालता प्रचार आहे आणि चालती पूजाही आहे. वारकऱ्याची माळ कोणी गळ्यात घालावी म्हणून कोणी जाहिरात देत नाही. पालखीबरोबर चार मुक्काम चालला की मनुष्य आपोआप माळ मागतो. रेव्हरंड टिळकांनी हीच रीत तर उचलली! आमच्या पद्धतीने तो आमच्याच दाराशी आला, तर पद्धत वाईट झाली काय?

दाराची गोष्ट निघाली म्हणून एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पुण्याचे लोक 1893 साली शारदासदनातल्या उघड्या दारावर रागावले, त्या वेळी पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांस बंद होते. चोखोबाची समाधी महाद्वाराबाहेर आहे. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींस 1947 च्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. नगर जिल्ह्यातली महार-मांगांची शेकडो घरे ख्रिस्ती झाली, ती सारी व्याख्यानांनी पटून झाली असे मानणारा भोळा होय. त्यांच्यापुढे दोन दारे होती; एक बंद होते. घटनासमितीत 1948 च्या डिसेंबरात ‘प्रसार’ या शब्दावर चर्चा झाली, तेव्हा टी. टी. कृष्णम्माचारींनी नेमके हेच सांगितले. आपण अनेक वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, आपणांस बाटविण्याचा यत्न कोणी केला नाही, आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींस जर तेथे मान मिळत असेल तर दोष आपल्या वागणुकीचा आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. तो शब्द राहिला, आणि पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा अधिकार एका ओळीत बसला. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ही त्या अधिकाराची कुंपणे आहेत.

पुढे 1977 साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा स्वतंत्र मूलभूत हक्क त्यात येत नाही. या निवाड्यावर मुंबईचे घटनापंडित एच. एम. सीरवाई यांनी कडक टीका केली, आणि तीत वजन आहे असे आम्हांस वाटते. कारण समजावून सांगावे पण कोणास पटू नये, अशी मर्यादा कोणत्या वक्त्याने पाळावी? तथापि निवाडा आहे तोवर तो मान्य केला पाहिजे, आणि त्यानेही समजावून सांगण्याचा अधिकार काढून घेतलेला नाही. आमच्या प्रश्नास अधिक उपयोगी पडते ते अठ्ठाविसावे कलम. राज्याने मान्यता वा अनुदान दिलेल्या शिक्षणसंस्थेत कोणास धर्मशिक्षण घेण्यास किंवा तेथल्या उपासनेस हजर राहण्यास त्याच्या संमतीवाचून भाग पाडता येणार नाही, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची संमती पाहिजे. घटनाकारांनी शिक्षण आणि उपासना ही दोन्ही एकाच वाक्यात घेतली! उपासनेतही प्रचाराचे बळ असते हे त्यांनी ओळखिले, आणि तरीही उपासनेवर बंदी न घालता त्यांनी बोट ठेविले ते केवळ ‘भाग पाडणे’ या क्रियापदावर. शारदासदनाच्या वादात नेमका हाच शब्द हरवला होता.

हिंजवडीच्या शेजाऱ्यास आमचे सांगणे आता सोपे आहे. भिंतीपलीकडील गाण्याचा त्रास होत असेल तर वेळ आणि आवाज यांविषयी बोलावे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, तो नियम प्रार्थनेस आहे तसाच गणपतीच्या मांडवासही आहे. सोसायटीच्या कमिटीने गाड्या लावण्याच्या जागेबद्दल जो दंडक सत्यनारायणास लाविला, तोच रविवारच्या सभेस लावावा, अधिक नव्हे आणि उणा नव्हे. आत कोणता देव गायिला जातो, आणि ऐकून कोणाचे मन वळते, हा कमिटीचा विषय नाही. संशय म्हणून जमाव घेऊन प्रार्थनेत शिरणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि असा जमाव नेणाऱ्याचे वकीलपत्र घेण्याची वेळ आमच्यावर न येवो. शंकाच असेल तर शेजाऱ्याने एकट्याने जाऊन दारात उभे राहावे आणि ऐकावे. दार उघडे असेल तर ऐकण्यासारखेच काही असेल.

आणि त्या ख्रिस्ती मंडळींसही दोन शब्द. गाणे मोकळ्या गळ्याने गा, दार लावू नका. आजाऱ्यास औषध द्याल, गरिबाच्या मुलाची फी भराल, ते त्याच दिवशी, त्याच हाताने, पत्रिकेबरोबर देऊ नका. टिळकांनी पगार सोडला तो याच कारणासाठी. परदेशातून पैसा येत असेल तर त्याचा हिशेब कायद्याप्रमाणे ठेवा आणि मागेल त्यास दाखवा. शेजारचे अज्ञान पोर गाण्याच्या ओढीने आत येऊन बसले, तर संध्याकाळी त्याच्या आईबापांच्या घरी जाऊन तसे सांगा. ते नको म्हणाले तर पुढच्या रविवारी त्यास समजावून परत पाठवा, आणि हो म्हणाले तर बसू द्या.